दहा टक्के पेपरमिंट

मेंथॉलचे स्फटिक साधारण ४२ ते ४४ अंशांना वितळतात. पुण्या-मुंबईच्या फार्मासिस्टला ही माहिती परीक्षेपुरती. अकोल्यात तिच्यावर मे महिन्यातल्या कामाचं वेळापत्रक ठरायचं. आमच्या धर्मादाय दवाखान्याच्या औषध विभागाला पत्र्याचं छप्पर होतं. खिडकीला वाळ्याचे तट्टे लावून त्यांवर पाणी मारत राहिलं, तरी दुपारी दोनच्या सुमारास बरणीतल्या सुईच्या आकाराच्या स्फटिकांच्या कडा ओलावायला लागायच्या आणि चारपर्यंत तळाशी तेलकट थर जमायचा. संध्याकाळी तो गोठला की अख्खा गठ्ठा बरणीला चिकटून बसे. म्हणून मे महिन्यात मेंथॉलचं वजन सकाळी आठच्या आत करायचं आणि बरणी माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायची, असा काकांचा नियम होता.

काका म्हणजे आमचे मुख्य कंपाउंडर. सगळा दवाखाना त्यांना काकाच म्हणे, डॉक्टरांसकट. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी डी. फार्म. करून तिथं लागलो, तेव्हा गोळ्यांच्या पट्ट्यांनी बाजार भरून गेलेला होता. पण धर्मादाय दवाखान्यांना अजून मिक्श्चरच परवडायचं. रोगी घरून रिकामी बाटली घेऊन यायचा. कधी ती सरबताची असायची, कधी रॉकेलची. ती धुऊन वास घेऊन बघणं हे माझं पहिलं काम. मग बाटलीत औषध, वर बूच, आणि बाजूला कात्रीनं खाचा पाडलेली कागदाची पट्टी डकवायची. एक खाच म्हणजे एक डोस. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ती पट्टी कळायची. आजच्या बाटलीवरच्या बारीक इंग्रजी अक्षरांपेक्षा ती कितीतरी प्रामाणिक होती, असं माझं मत आहे.

सर्वांत जास्त खप होता कार्मिनेटिव्ह मिक्श्चरचा. आत सोडा बायकार्ब, अमोनियाचं सुगंधी स्पिरिट, वेलदोड्याचं संयुक्त टिंचर, सुंठीचं टिंचर, थोडं क्लोरोफॉर्म स्पिरिट आणि बाकी सगळं पेपरमिंटचं पाणी. रोगी त्याला ‘लाल दवाई’ म्हणत. तो लाल रंग वेलदोड्याच्या टिंचरमधून यायचा, आणि त्यात तो कोचिनील नावाच्या वाळवलेल्या किड्यांमधून आलेला असायचा. अकोल्यात मारवाडी आणि जैन घरं पुष्कळ. त्यांच्यातलेही लोक ते औषध नेत. कुणी कधी विचारलं नाही. आज औषधाच्या घटकांबद्दल लोक विचारायला लागले आहेत, ते बरंच झालं.

लग्नसराईत खिडकीसमोर रांग लागायची. रोडगे, वांग्याची भाजी, वर तूप घालून वरण, शिवाय आमरस. आणि हे सगळं पंचेचाळीस अंशांच्या उन्हात मांडवाखाली बसून. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं वऱ्हाड पोट धरून हजर. “काका, पोटात गोळा उठून रायला, ते थंडी दवाई द्या न,” असं सांगणारी माणसं पहिला डोस खिडकीपाशीच घ्यायची. घेतल्यावर मिनिटभरात खणखणीत ढेकर. मग चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं, त्यामुळं मलाही काही दिवस वाटत राहिलं की आपण मोठं औषध बनवतो आहोत.

काकांचं मत वेगळं होतं. ते म्हणायचे, पेपरमिंटचा गुण खरा आहे, पण तो छोटा आहे. त्याला मोठा करायला गेलास की ते औषध राहणार नाही. त्या वेळी मला हे फार कोड्यातलं वाटलं. पुढं त्यांच्या हाताखाली स्पिरिट बनवताना एकेक गोष्ट उलगडत गेली.

पेपरमिंटचं स्पिरिट ब्रिटिश फार्माकोपियाच्या पद्धतीनं बनवायचं म्हणजे ऐकायला अगदी सोपं. दहा भाग तेल, आणि नव्वद टक्क्यांचा मद्यार्क घालून शंभर भाग पुरे करायचे. लिटरभर बनवायचं तर शंभर मिलिलिटर तेल. एवढंच. पण मोजायचं काचेचं माप सकाळी धुतलेलं असेल आणि त्यात पाण्याचा अंश राहिला असेल, तर द्रावण लगेच गढूळ होतं. तेल मद्यार्कात विरघळतं, पाण्यात नाही; पाण्याचं प्रमाण थोडं जरी वाढलं तरी ते बाहेर पडायला लागतं. म्हणून स्पिरिटसाठी ठेवलेलं माप त्या दिवशी धुवायचंच नाही. आदल्या दिवशी धुऊन, सुकवून, फडक्यात गुंडाळून ठेवायचं. तरीही गढूळपणा राहिला तर त्यात शंखजिऱ्याची बारीक पूड टाकून हलवायचं आणि घडी घातलेल्या फिल्टर पेपरातून गाळायचं. तेलाचे न विरघळलेले कण शंखजिऱ्याला चिकटतात आणि खाली स्वच्छ, रंगहीन स्पिरिट थेंबाथेंबानं पडत राहतं. पहिले थेंब धूसर येतात. ते पुन्हा वर ओतायचे. घाई केली तर हे करायला कुणाला सुचत नाही.

पेपरमिंटचं पाणी बनवण्याची रीत आणखी निराळी. आधी त्याचं संहत रूप बनवायचं, ज्यात लिटरला वीस मिलिलिटर तेल असतं. मग त्याचा एक भाग आणि एकोणचाळीस भाग पाणी. इथंही पाणी एकदम ओतलं की सगळं दुधाळ होतं. थोडं थोडं घालायचं, प्रत्येक वेळी हलवायचं, आणि वर राहिलेलं तेल पुन्हा शंखजिऱ्यानं उचलायचं. एकास एकोणचाळीस हे प्रमाण काकांनी मला पाढ्यासारखं पाठ करायला लावलं होतं. पुढं एका बातमीनं त्याचं कारण मला अगदी नीट समजलं. ती गोष्ट नंतर येते.

दवाखान्यातल्या माणसांना स्पिरिट आणि टिंचर एकच वाटायचं. आमच्या हातांना फरक माहीत होता. टिंचर म्हणजे पाला, साल किंवा मूळ मद्यार्कात भिजवून काढलेला अर्क. स्पिरिट म्हणजे उडून जाणारं तेल सरळ मद्यार्कात विरघळवणं. पेपरमिंटच्या बाबतीत दोन्ही रीती चालत आल्या आहेत, आणि अमेरिकन फार्माकोपियानं त्यांची सांगड घातली होती. पाला जरा ठेचायचा, तासभर पाण्यात भिजवून घट्ट पिळून काढायचा, म्हणजे त्यातला चिकट, पाण्यात विरघळणारा भाग निघून जातो. मग तो पाला सहा तास मद्यार्कात ठेवायचा, गाळायचा आणि त्यात तेल घालायचं. रंग हिरवा येतो आणि वासाला पानाचा ताजेपणा राहतो. काकांच्या कपाटातल्या जाड इंग्रजी पुस्तकात ही कृती होती. ती करून बघायची आमची फार इच्छा होती; अडचण पाल्याची होती.

कारण बाजारात मिळतो तो पुदिना पेपरमिंट नव्हे. दवाखान्यात आठवड्यातून दोनदा एक वैद्य यायचे. ते हट्टानं म्हणाले, तेलाच्या बाटलीपेक्षा ताजा पाला केव्हाही बरा, त्याचं टिंचर करा. केलं. एक भाग पाला, पाच भाग पातळ केलेला मद्यार्क, आठवडाभर अंधारात, रोज एकदा हलवणं, मग गाळून चोथा पिळणं. निघालेलं टिंचर गडद हिरवं, वास छान, पण जिभेवर थंडावा नाही. काकांनी चव घेऊन सांगितलं, वैद्यबुवा, ही तर चटणी झाली. बाजारातल्या पुदिन्यात मुख्यतः कार्व्होन असतं. मेंथॉल जवळपास नसतंच. पोटाला त्याचाही उपयोग आहे, वैद्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण ते वेगळं औषध आहे.

खरं पेपरमिंट हा पाणपुदिना आणि साधा पुदिना यांचा संकर आहे. त्याला धड बी धरत नाही. मुळ्या आणि धावत्या फांद्या लावूनच ते वाढवावं लागतं. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायरमध्ये सापडलेल्या या झाडाची नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन रे यानं १६९६ मध्ये केली. १७२१ मध्ये ते लंडनच्या फार्माकोपियात आलं, आणि पुढं लंडनजवळच्या मिचम गावाची शेतं त्यासाठी नावाजली गेली. तेव्हा कुणी पेपरमिंटच्या बाटलीवर चरक-सुश्रुतांचं नाव छापलं असेल, तर हसून बाटली परत ठेवावी.

आता मद्यार्काबद्दल. काका मूळचे मुंबईचे. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते परळला एका डॉक्टरांकडं कंपाउंडर होते, म्हणजे नेमके दारूबंदीच्या काळात. मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा १९४९ चा. मद्यार्क असलेली औषधं बाळगण्या-वापरण्यावरही त्यात बंधनं होती. ती बंधनं सर्वोच्च न्यायालयानं १९५१ मध्ये बालसरा खटल्यात रद्द ठरवली. औषध विकणाऱ्यांना हायसं वाटलं आणि पिणाऱ्यांना वाट सापडली. काका सांगायचे की त्या दिवसांत गल्लीतल्या माणसांना अचानक अपचन व्हायला लागलं. सुंठीच्या टिंचरला सर्वांत जास्त मागणी. पेपरमिंटच्या स्पिरिटकडं मात्र कुणी फिरकायचं नाही. त्यात मद्यार्क भरपूर, पण घोटभर घेतलं तर घशापासून पोटापर्यंत आग आणि वर डोळ्यांतून पाणी. “ह्याचा पहारेकरी आतच बसलाय,” असं काका म्हणत. १९५५ मध्ये औषधी आणि प्रसाधनांतल्या मद्यार्कावरच्या उत्पादन शुल्काचा कायदा आला आणि वह्यांचं राज्य सुरू झालं. आमच्या काळीही स्पिरिटच्या प्रत्येक थेंबाचा हिशेब परवान्याच्या वहीत असे. किती आलं, किती वापरलं, किती उडून गेलं. मे महिन्यात उडून गेलेल्याचा आकडा मोठा असायचा आणि तपासायला येणारे साहेब प्रत्येक वर्षी तोच संशयी चेहरा करायचे. त्यांना माठाखालची वाळू दाखवली की ते गप्प बसत.

रोग्यांकडून मी जे शिकलो ते पुस्तकात नव्हतं, किंवा होतं पण माझ्या डोळ्याखालून गेलं नव्हतं. जिनिंगमध्ये काम करणारी एक बाई पोटात आग होते म्हणून वरचेवर यायची. तिला लाल दवाई घेतली की बरं वाटायचं. मग एक दिवस तिनं शेजारणीच्या सांगण्यावरून नुसतं पेपरमिंट स्पिरिट पाण्यात टाकून घ्यायला सुरुवात केली आणि आग दुप्पट झाली. काकांनी तिला समजावलं ते मला अजून आठवतं. “ताई, हे औषध आतलं दार ढिलं करते. म्हणून वारा बाहेर येतो. पण दार ढिलं झालं की आंबटही वर येते.” शास्त्रही हेच सांगतं. मेंथॉलमुळं आतड्याच्या आणि जठराच्या भिंतीतल्या स्नायूंना आत जाणाऱ्या कॅल्शियमची वाट अडते आणि ते सैल पडतात. पेटका सुटतो, कळ थांबते. पण अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला स्नायूही सैल पडतो, आणि मग आम्लपित्ताच्या माणसाची छाती जळायला लागते. लाल दवाईत सोडा होता, त्यानं ती आग झाकली जायची. नुसत्या पेपरमिंटात झाकायला काही नव्हतं.

मळमळ होणाऱ्याला काका स्पिरिटचे दोन थेंब रुमालावर टाकून वास घ्यायला लावत. गाडीतून खेड्यांवरून येणारी माणसं, विशेषतः बाया, ते रुमाल जपून घरी न्यायच्या. डोकं दुखत असेल तर कपाळाला आणि कानशिलांना लावायला तेच दहा टक्क्यांचं स्पिरिट, डोळ्यांपासून दूर. ही आमची गावठी रीत आहे, असा माझा बरेच दिवस समज होता. पुढं वाचनात आलं की जर्मनीत ताणानं होणाऱ्या डोकेदुखीवर पेपरमिंट तेलाचं मद्यार्कातलं द्रावण कपाळाला लावतात, त्यावर नीट चाचण्या झाल्या आहेत, आणि त्यातही तेल दहाच टक्के असतं. काकांना हे सांगायला ते हयात नव्हते.

थंडावा खरा असतो का, हा प्रश्न मला एका शाळकरी मुलानं विचारला होता. त्या वेळी उत्तर देता आलं नाही. जीभ थंड होत नाही; थर्मामीटर लावून बघितलं तर तापमान तेवढंच. २००२ मध्ये शास्त्रज्ञांना आपल्या मज्जातंतूंवरचं थंडी ओळखणारं टीआरपीएम-८ हे ग्राहक प्रथिन सापडलं, आणि त्या शोधात मेंथॉलचा उपयोग झाला होता. गारठ्यानं जागी होणारी तीच घंटा मेंथॉलनंही वाजते. हे काम करणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापूटियन यांना २०२१ चं वैद्यकातलं नोबेल मिळालं. म्हणजे आमच्या खिडकीसमोर उभी राहून ‘थंडी दवाई’ मागणारी माणसं निदान संवेदनेपुरती बरोबर होती. आजारापुरती मात्र ती बरोबर असतीलच असं नाही. ऊन लागलेल्या माणसाच्या डोक्यावर पेपरमिंट चोळून त्याला सावलीत झोपवून ठेवल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. कातडीला गार वाटतं आणि आत ताप चढत राहतो. उष्माघाताला पाणी मारायला हवं, वारा घालायला हवा, दवाखान्यात न्यायला हवं.

आता ती एकास एकोणचाळीसची गोष्ट. १९९८ मध्ये इंग्लंडमध्ये अवघ्या काही दिवसांच्या एका बाळाला पोटदुखीवर पेपरमिंटचं पाणी लिहून देण्यात आलं. अगदी जुनं, साधं, निरुपद्रवी समजलं जाणारं औषध. ते बनवताना त्यात दुप्पट तीव्रतेचं क्लोरोफॉर्म पाणी घालायचं होतं. त्याऐवजी शेजारची संहत क्लोरोफॉर्म पाण्याची बाटली उचलली गेली. ते वीसपट तीव्र असतं. बाळ वाचलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि जगभरच्या फार्मसी महाविद्यालयांत ते शिकवलं जाऊ लागलं. मी तोवर दवाखान्याचा औषध विभाग सांभाळत होतो आणि जवळच्या महाविद्यालयातली मुलं माझ्याकडं प्रात्यक्षिकाला यायची. ती बातमी मी भिंतीवर चिकटवली. संहत बाटल्यांसाठी वेगळं कपाट केलं आणि त्याची किल्ली माझ्या खिशात. मुलांना हे जरा अती वाटायचं. वाटू दे. पेपरमिंटनं ते बाळ गेलं नाही हे खरंच आहे. पण ‘पेपरमिंटचंच तर पाणी आहे’ या भावनेनं हात सैल पडतो, आणि मी ती भावना रोज पाहत होतो.

तान्ह्या बाळांच्या आज्या हा माझ्या नोकरीतला सर्वांत कठीण वर्ग. त्यांच्याशी वाद घालता येत नाही आणि त्यांचं ऐकताही येत नाही. बाळाला बाळंतशोपा उकळून केलेलं पाणी त्यांच्या आज्यांनी दिलं, त्यांनी दिलं. मग त्याच न्यायानं पेपरमिंटचा एक थेंब का नको? मी सांगायचो, मावशी, मोठ्या माणसाला जे गार वाटतं त्यानं तान्ह्याचा श्वास अडकू शकतो. दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाजवळ किंवा छातीवर मेंथॉल लावलं, तर घशातली वाट एकदम आवळली जाण्याचा धोका असतो. युरोपातल्या औषध नियामकांनी दोन वर्षांखाली पेपरमिंट तेलाला साफ मनाई केलेली आहे. मावशी ऐकून घ्यायच्या आणि घरी जाऊन अमृतधारा काढायच्या.

अमृतधारा हा आपल्याकडचा पेपरमिंटचा खरा लोकप्रिय अवतार आहे. भीमसेनी कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल, म्हणजे मेंथॉल. तिन्ही कोरडी, तिन्ही घट्ट. खलात एकत्र घातली की न तापवता, पाणी न घालता त्यांचं पातळ तेल होतं. नव्या मुलांना मी हे मुद्दाम करून दाखवायचो, कारण पुस्तकातलं ‘युटेक्टिक मिश्रण’ याहून चांगलं कळत नाही. मिश्रणाचा वितळण्याचा अंश प्रत्येकाच्या अंशापेक्षा खाली उतरतो. या नावाचं औषध विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाहोरच्या पंडित ठाकूर दत्त शर्मा यांनी बाजारात आणलं आणि ते देशभर गेलं. त्याच्या नावावरून ‘लक्ष्मणधारा’ नावाच्या औषधाशी झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. १९६२ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की खेड्यातल्या साध्या गिऱ्हाइकाची या दोन नावांत गल्लत होण्यासारखी आहे. ट्रेडमार्कचे वकील आजही तो निकाल पुढं करतात.

मला स्वतःला अमृतधारेबद्दल आदर आहे आणि भीतीही. मुंगी चावली, दात दुखला, सर्दी झाली, तर बाहेरून लावायला ती ठीक आहे. पण ती टिंचर नव्हे. तिच्यात पातळ करणारं काहीच नाही. शंभर टक्के औषधच. आणि त्यातला कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर थोड्या वेळात झटके येऊ शकतात. आमच्याकडं असं एक मूल आलं होतं. फळीवरची बाटली त्यानं खाऊचा रस समजून तोंडाला लावली होती. ते वाचलं. त्या घरातली आजी मला पुढं कुठं भेटली की स्वतःहून सांगायची, “भाऊ, आता कुलुपात ठेवतो मी ते.”

तेलाच्या भेसळीबद्दल सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. व्यापाऱ्याकडून येणाऱ्या डब्यावर ‘पेपरमिंट ऑइल’ लिहिलेलं असे, आत मात्र बऱ्याचदा जपानी पुदिन्याचं तेल. हा पुदिना १९५० च्या दशकात आपल्याकडं आला, आणि लखनौच्या सीमॅप संस्थेनं त्याच्या हिमालय, कोसी अशा जाती तयार केल्या. बाराबंकी, रामपूर, संभल हा उत्तर प्रदेशचा पट्टा आज जगाला मेंथॉल पुरवतो. जानेवारी-फेब्रुवारीत लावायचा, पावसाआधी कापायचा आणि शेतातच भट्टीवर तेल काढायचं. त्यात मेंथॉल सत्तर टक्क्यांच्या वर, पेपरमिंटच्या तेलात त्याच्या निम्म्याच्या आसपास. मग जपानी पुदिन्यातलं मेंथॉल काढून घेऊन उरलेलं तेल ‘पेपरमिंट’ म्हणून खपवायची युक्ती. ती पकडायला काकांकडं एक परीक्षा होती. ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडमध्ये किंचित नायट्रिक ॲसिड मिसळायचं, त्यात तेलाचे सहा थेंब घालायचे आणि उकळत्या पाण्यात परीक्षानळी धरायची. खरं पेपरमिंट असेल तर पाच मिनिटांत निळा रंग येतो, गडद होतो, त्यावर तांब्याची झाक दिसते, आणि शेवटी सगळं सोनेरी पिवळं होतं. जपानी पुदिना निळा होत नाही. विभागात नवीन डबा फुटला की दोन-चार परिचारिकाही तो रंग बघायला यायच्या. निळा आला नाही तर काका काही बोलायचे नाहीत. डबा बंद करून व्यापाऱ्याच्या गाडीवर परत चढवायचे. एकदा तो व्यापारी दवाखान्याच्या विश्वस्तांकडं तक्रार घेऊन गेला. विश्वस्तांनी काकांना बोलावलं. काका परीक्षानळी आणि स्टोव्ह घेऊनच गेले.

काका निवृत्त झाले, मग मिक्श्चरं बंद झाली. तयार सिरप स्वस्त पडायला लागलं आणि बाटली धुण्याची उठाठेव करायला कुणाला वेळ उरला नाही. मला त्याचं फार वाईट वाटत नाही. पोटाच्या जुनाट तक्रारीला, ज्याला डॉक्टर आयबीएस म्हणतात, आता पेपरमिंट तेलाची अशी कॅप्सूल मिळते जी जठरात न फुटता आतड्यात जाऊन फुटते. छाती जळण्याचा त्रास त्यानं कमी होतो, आणि औषध नेमकं हवं तिथं पोचतं. अमेरिकेतल्या पोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ च्या मार्गदर्शनात आयबीएससाठी पेपरमिंट सुचवलेलं आहे. आमच्या लाल दवाईपेक्षा ही कॅप्सूल चांगली आहे, हे मी निःसंकोच सांगतो.

वाईट वाटतं ते दुसऱ्या गोष्टीचं. हल्ली ड्रॉपर लावलेल्या देखण्या बाटल्यांतून ‘हर्बल टिंचर’ येतं. वर पानाचं चित्र, खाली ‘शंभर टक्के नैसर्गिक’. तेल किती टक्के, मद्यार्क किती टक्के, पुदिना कोणता, यातलं काही शोधून सापडत नाही. आमच्या कागदी पट्टीवर निदान डोस तरी होता. माझ्या पुतणीनं अशीच एक बाटली मागवली आणि मला विचारलं, काका, किती घेऊ? मी लेबल तीनदा वाचलं आणि तिला म्हटलं, हे बनवणाऱ्यालाच सांगता आलेलं नाही, तर मी काय सांगू.

पेपरमिंटचं काही घ्यायचं झालंच, तर ज्या बाटलीवर झाडाचं नाव, तेलाचं प्रमाण आणि मद्यार्काचं प्रमाण लिहिलेलं आहे तीच घ्या. सरळ जिभेवर टाकू नका. अर्ध्या कप पाण्यात थेंब मोजून घाला आणि लगेच पिऊन टाका, कारण तेल वर यायला वेळ लागत नाही. आम्लपित्त असेल तर याच्या वाटेला जाऊ नका. पोटदुखी दोन दिवसांत हटली नाही, ताप आला, उलटीत किंवा शौचात रक्त दिसलं, तर ढेकर आला म्हणून समाधान मानू नका, डॉक्टर गाठा. दोन वर्षांखालच्या मुलाला काहीही नको, वासालासुद्धा नको. आणि घरात अमृतधारेची बाटली असेल, तर हे वाचून झाल्यावर उठा आणि ती मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी, शक्यतो कुलुपात ठेवा.